वेगाच्या पाण्यातली नाव

खानदेशात बसून नावेची गोष्ट काढली, की ऐकणाऱ्याला ती परमुलखातली वाटते. पाचोऱ्याची हिवरा घ्या, चाळीसगावची तितूर घ्या, नाहीतर अजिंठ्याची वाघूर घ्या. वर्षातले कितीतरी महिने ह्या नद्यांच्या पात्रात वाळू, गोटे आणि मधूनच एखादे डबके. त्यातून गुरे जातात, गाड्या जातात, पोरे क्रिकेट खेळतात. अशा ठिकाणी नाव घालायची कुठे आणि वल्हवायची कशी?

पण हीच नदी एखाद्या रात्रीत रूप पालटते. पाऊस आपल्या शिवारात पडलेला नसतो, आभाळात चांदणेही असते, आणि तिकडे अजिंठ्याच्या डोंगरावर ढग रिता झालेला असतो. पहाटे कोणीतरी धावत येतो आणि "पूर उना रे!" अशी हाळी उठते. 2021 सालच्या गोकुळाष्टमीची रात्र चाळीसगाव तालुक्यातली माणसे विसरलेली नाहीत. 30 ऑगस्टच्या रात्री डोंगरावर अतिवृष्टी झाली, आणि 31 च्या सकाळी तितूर आणि डोंगरी ह्या दोन्ही नद्यांचे पाणी चाळीसगाव शहरात आणि आसपासच्या गावांत शिरले. गुरे वाहून गेली, दुकाने बुडाली, कन्नडच्या घाटात दरड कोसळून रस्ता बंद पडला.

असे का होते, हे समजायला अवघड नाही. अजिंठ्याची रांग आपल्या बाजूने, म्हणजे उत्तरेकडून, भिंतीसारखी उभी आहे. तिच्यावरून निघालेले नाले थोड्याच अंतरात पुष्कळ उंची उतरतात. खाली काळा पाषाण, तो पाणी फारसे पीत नाही, आणि वरची काळी माती एकदा तुडुंब भिजली की तीही पीत नाही. मग पडेल ते पाणी पळत सुटते. गंगेसारखी मोठी नदी चढायला दिवस घेते, आपला नाला चढायला तास-दोन तासही घेत नाही. म्हणून वेगाचे पाणी हा विषय आपल्याला परका नाही. आपण त्याच्याजवळ नाव घेऊन जात नाही, पायी जातो, मोटारसायकल घेऊन जातो, एवढाच काय तो फरक.

आता अशी माणसेही आहेत, की जी अशा पाण्यात समजून-उमजून नाव घालतात. आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यात, मुंबई-गोवा रस्त्यावर कोलाड नावाचे गाव आहे. तिथून कुंडलिका नदी वाहते. तिच्या सुमारे बारा किलोमीटरच्या पट्ट्यात हवा भरलेल्या जाड रबरी नावा खळाळत्या पाण्यातून खाली नेतात. ह्याला राफ्टिंग म्हणतात. सात-आठ माणसे नावेच्या काठावर बसतात, प्रत्येकाच्या हातात एक वल्हे असते, आणि पाठीमागे एक जाणता नावाडी बसून हुकूम देतो. एकट्याने चालवायची जी लांबट, अरुंद नाव असते तिला कयाक म्हणतात. उत्तर ध्रुवाकडची शिकारी माणसे सीलच्या कातड्यापासून अशा नावा बनवीत, तिथून ती जगभर गेली. 1972 सालच्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये वेगाच्या पाण्यातल्या नावांची शर्यत पहिल्यांदा झाली.

तुम्ही म्हणाल, मास्तर, हे शहरी लोकांचे खेळ, त्याचे आम्हाला काय? तर सांगतो. ही माणसे वेगाच्या पाण्याशी रोज व्यवहार करतात, आणि जिवंत घरी येतात. ती येतात ती छातीच्या जोरावर नव्हे. पाणी वाचता येते म्हणून येतात, आणि कुठे पाण्यात उतरायचेच नाही हे त्यांना ठाऊक असते म्हणून येतात. ही दुसरी विद्या आपल्याला फार गरजेची आहे. त्यासाठी आज आपण त्यांच्या नावेत थोडा वेळ बसू.

आधी पाण्याचा जोर किती असतो तो पाहू. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी टाकी भरली, तर तिच्यातल्या पाण्याचे वजन एक हजार किलो भरते. हवेपेक्षा पाणी सुमारे आठशे पट दाट आहे. म्हणजे वाऱ्याची झुळूक ज्या वेगाने येते, त्या वेगाचे पाणी अंगावर आले तर ती झुळूक राहत नाही, तो धक्का होतो. आणि ह्या धक्क्याचा एक नियम आहे, तो शिक्षक बंधुभगिनींनी फळ्यावर जरूर लिहावा: वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, वेग तिप्पट झाला की रेटा नऊपट होतो. मांडीइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर, सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी ढोबळ मानाने दहा-अकरा किलोचा रेटा देते. तेवढा आपण सोसतो. वेग सेकंदाला दोन मीटर झाला की तोच रेटा चाळीस-पंचेचाळीस किलो होतो. तीन मीटर झाला की जवळजवळ क्विंटलभर. म्हणजे धान्याचे एक पोते आडवे करून कोणी तुमच्या पायांवर रेटीत आहे, असे समजा. आणि गंमत अशी, की पाणी कमरेपर्यंत चढले म्हणजे ते आपले वजनही उचलून धरते. पाय जमिनीवर घट्ट रोवायला वजन लागते, तेच कमी होते. रेटा वाढला आणि वजन घटले, मग माणूस उभा राहील कसा?

मोटारगाडीचेही तसेच आहे. गाडी लोखंडाची आहे, जड आहे, ती कुठे जाते, असे आपल्याला वाटते. पण ती आतून पोकळ आहे. दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारी उचलून बाजूला नेते, लहान गाडीला फूटभरही पुरते. चालत्या माणसाला तर वेगाचे अर्धा फूट पाणीसुद्धा पाडू शकते.

हा वेग मोजायचा कसा? यंत्र लागत नाही. पाऊस ओसरल्यावर, धोका नसताना, मुलांना पुलावर किंवा उंच काठावर उभे करावे. काठाने दहा मीटर मोजून दोन खुणा कराव्यात. वरच्या खुणेपाशी वाळकी काडी टाकावी आणि खालच्या खुणेपाशी पोचायला किती सेकंद लागले ते मोजावे. दहा सेकंद लागले तर वेग सेकंदाला एक मीटर, पाच लागले तर दोन मीटर. मग वरचा नियम लावून मुलांना रेटा काढायला सांगावा. भूगोल, गणित आणि स्वतःचा जीव, तिन्ही धडे एका काडीत होतात.

आता पाणी वाचणे म्हणजे काय ते पाहू. कुंडलिकेवरचा जाणता नावाडी पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघून तळ ओळखतो. दोन खडकांच्या मधून पाणी वाहते तेव्हा पृष्ठभागावर एक गुळगुळीत, काळसर जीभ उमटते. तिचे टोक प्रवाहाच्या दिशेने, खाली गेलेले असते. तिथे पाणी खोल आहे, वाट मोकळी आहे. हीच आकृती उलटी दिसली, टोक वरच्या बाजूला आणि पसारा खाली, तर समजावे की त्या टोकाशी पाण्याखाली खडक लपलेला आहे. पाण्यावर एकाच जागी उशीसारखा फुगवटा दिसतो, तिथेही खडक आहे. लाकूडफाटा वाहत खाली जातो, पण फुगवटा जागचा हलत नाही, ही त्याची खूण.

मोठ्या खडकाच्या खालच्या बाजूला एक चमत्कार असतो. सगळी नदी खाली धावत असते, आणि तिथे मात्र पाणी संथ असते, किंबहुना हळूहळू उलटे, वरच्या दिशेने फिरत असते. वाऱ्याच्या दिवसात घराच्या आडोशाला पाचोळा गोल फिरतो, तसेच हे. ह्या आडोशाच्या पाण्यात नावाडी नाव घालतो, दम घेतो आणि पुढचा टप्पा डोळ्यांनी तपासतो. वाहत गेलेल्या माणसालाही हा आडोसा हाताला लागला तर तिथून काठ गाठता येतो.

नाव वळवायची कशी, ह्यातही एक मर्म आहे. पुष्कळांना वाटते की वेगाच्या पाण्यात वल्हे आत घ्यावे आणि नाव आपोआप जाऊ द्यावी. पण पाणी ज्या वेगाने जाते त्याच वेगाने नाव जाऊ लागली, की सुकाणूला धरायला काही उरतच नाही. नाव पाचोळ्यासारखी होते, नेईल तिकडे जाते. म्हणून जिथे खळाळ जास्त, तिथे नावाडी ओरडून सांगतो, "मारा वल्हे!" नाव पाण्यापेक्षा थोडी जलद, नाहीतर थोडी सावकाश, चालली पाहिजे, तरच ती आपले ऐकते. आणि सगळ्यांची वल्ही एका तालात पडली पाहिजेत. एकाने भिऊन वल्हे सोडले की नाव त्याच्या बाजूला फिरते. मग ती आडवी होऊन खडकावर जाते. तशी ती खडकावर टेकलीच, तर सर्वांनी खडकाच्या बाजूला झुकायचे असते. मन सांगते की खडकापासून लांब पळा, पण लांब पळालात तर पाणी नावेचा दुसरा काठ दाबते आणि नाव उलटते.

ही विद्या आपल्याकडे नवी आहे असे नव्हे. तापीच्या पात्रात नाव चालवणारे आपले भोई आणि कोळी बांधव प्रवाह तिरका कापण्याचे गणित पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. ते नाव कधी सरळ समोरच्या घाटाकडे रोखत नाहीत. आधी काठाकाठाने वर जातात, मग नावेचे तोंड थोडे प्रवाहाकडे तिरके करून सुटतात, आणि बरोबर समोरच्या घाटाला लागतात. वर्गात हे असे मांडता येईल: नदी शंभर मीटर रुंद आहे, नाव सरळ समोर सेकंदाला एक मीटर जाते, आणि पाणी सेकंदाला दोन मीटर वाहते. पलीकडे जायला शंभर सेकंद लागतील, आणि तेवढ्या वेळात पाणी नावेला दोनशे मीटर खाली नेईल. म्हणून समोर उतरायचे असेल तर दोनशे मीटर वरून सुटले पाहिजे. पोहणाऱ्यालाही हाच नियम लागू. पाण्याशी सरळ भांडून काठ मिळत नाही, तिरके कापीत, थोडे खाली वाहत गेले की मिळतो.

कुंडलिकेवर नावेत बसण्यापूर्वी काय काय करतात ते आता सांगतो. प्रत्येकाला तरंगणारे जाकीट घालतात आणि त्याचे पट्टे नावाडी स्वतः ओढून बघतो. जाकीट सैल असेल तर माणूस खाली आणि जाकीट वर, असे होते. डोक्यावर शिरस्त्राण. नावेत दोरीची पिशवी. आणि निघण्यापूर्वी काठावरच सर्वांना हुकूम शिकवतात. नावेतून पडलात तर काय करायचे तेही तिथेच शिकवतात, आणि ते आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वेगाच्या पाण्यात उभे राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाय दोन दगडांच्या फटीत अडकतो, पाणी पाठीवर रेटते, आणि पोहणारा माणूससुद्धा गुडघा-मांडीभर पाण्यात बुडतो. त्यापेक्षा उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि वर, पाण्याच्या पृष्ठभागाशी ठेवावेत. म्हणजे खडक आला तर तो पायांना लागेल, डोक्याला नव्हे. मग हातांनी तिरके कापीत आडोसा किंवा काठ गाठावा. पाणी संथ आणि उथळ झाल्यावरच उभे राहावे.

पण एका ठिकाणी ही युक्ती चालत नाही. पाण्यात पडलेले झाड, बाभळीच्या फांद्या, काटेरी तारेचे कुंपण. पाणी त्यातून चाळणीतून जावे तसे निघून जाते आणि माणूस अडकून राहतो. अशा अडथळ्यापासून शक्य तितके लांब जावे. ते चुकवता येणारच नसेल, तर पालथे होऊन, जोरात पोहत जाऊन, अंग त्याच्या वर चढवावे, खाली जाऊ देऊ नये.

आणि आता सर्वांत फसवी जागा. ती आपल्या खानदेशात गावोगाव आहे. ती म्हणजे बंधारा. कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा किंवा नदीवरची आडवी भिंत पाण्याखाली गेली, की वरून पाण्याचा एक सारखा, देखणा पडदा खाली पडतो. फेस फारसा नाही, आवाजही बेताचाच. पोरांना वाटते, इथे उडी मारायला मजा आहे. पण त्या पडद्याच्या पायथ्याशी पाणी खाली बुडी मारते, थोडे पुढे जाऊन वर येते, आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडे परत वळते. हे चक्र थांबत नाही. त्यात सापडलेले लाकूड दिवसभर त्याच जागी गोल फिरताना तुम्ही पाहिले असेल. माणूसही तसाच फिरतो. फेसात हवा मिसळलेली असते, म्हणून तिथे अंग नीट तरंगत नाही. नैसर्गिक खळाळाला कुठेतरी फट असते, आडोसा असतो. सरळ बांधलेल्या भिंतीला ह्या काठापासून त्या काठापर्यंत फट नसते. म्हणून खळाळातून नाव नेणारे तरबेज लोकसुद्धा अशा बंधाऱ्यावरून नाव नेत नाहीत. ते काठाला लागतात, नाव डोक्यावर किंवा खांद्यावर घेतात, बंधारा ओलांडेपर्यंत जमिनीवरून चालतात आणि मग पुन्हा पाण्यात उतरतात.

श्रोतेहो, ह्या एका गोष्टीपाशी मी जरा थांबतो. वेगाच्या पाण्याची जगभरात सहा प्रतींत विभागणी केली आहे. पहिली प्रत म्हणजे नुसती चाल असलेले पाणी, आणि सहावी म्हणजे जिथे जीव जवळजवळ गमावल्यातच जमा. कुंडलिकेचा हा पट्टा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा मानतात. तरीही अनोळखी वळण आले की जाणता माणूस नाव काठाला लावतो, उतरतो, पायी पुढे जाऊन पाणी बघून येतो. पसंत पडले तर जातो, नाही पडले तर नाव उचलतो. ज्याच्या अंगात जाकीट आहे, डोक्यावर शिरस्त्राण आहे, हाताशी दोरी आहे, सोबत सहा सोबती आहेत, तो माणूस पाण्याकडे बघून "आज नाही" म्हणतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. मग ज्याच्या अंगात नुसता सदरा आहे, आणि मोटारसायकलवर मागे बायको-मूल आहे, त्याने फरशी पुलावरच्या पाण्यात गाडी का घालावी? काठावरचे चार जण "जाय, काही होत नाही" म्हणतात म्हणून? की कोणी मोबाइलवर चित्र काढतो आहे म्हणून?

फरशी पुलाचा धोका आणखी एका कारणाने मोठा असतो. पाणी गढूळ असते, आणि खालची फरशी तशीच आहे की रात्रीत वाहून गेली, हे वरून दिसत नाही. कडेचे दगड दिसेनासे झाले की रस्ता संपला आणि डोह लागला, हे पाऊल पडल्यावरच कळते. आणि फरशीच्या खालच्या अंगाला, बंधाऱ्याखाली असते तसेच ते परत फिरणारे पाणी असू शकते.

आता आदराविषयी दोन शब्द. कुंडलिकेत पाणी बारमाही खेळते ते कुठून, ह्याची कथा ऐकण्यासारखी आहे. पुणे जिल्ह्यात मुळशी येथे मुळा नदीवर धरण आहे. ते पाणी मुळात पूर्वेला भीमेकडे, कृष्णेकडे, बंगालच्या उपसागराकडे जाणारे. ते बोगद्यांतून आणि नळांतून पश्चिमेला वळवून, सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे 500 मीटर खाली भिरा येथे आणले. तिथे 1927 सालापासून वीज तयार होते. वीज देऊन झालेले हे पाणी पुढे कुंडलिकेत येते, शेतीला जाते, आणि वाटेत नावांनाही उपयोगी पडते. सकाळी पाणी सुटले तर नावा चालतात, न सुटले तर नावा काठावर राहतात. ह्याच धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि 1921 साली सेनापती बापटांच्या नावाने ओळखला जाणारा मुळशी सत्याग्रह सुरू झाला. तेव्हा त्या पाण्यावर मौजेने नाव घालणाऱ्याने एवढे मनात ठेवावे, की हे पाणी फुकटचे नाही. कोणीतरी त्यासाठी घरदार सोडले आहे, कोणाचे तरी भात त्यावर पिकते आहे.

आदर म्हणजे नुसते नदीला नारळ वाहणे नव्हे. नारळ वाहावा, ओटी भरावी, आपली रीत आहे. पण खऱ्या आदराची कामे वेगळी आहेत. नाव घेऊन किंवा सहलीला म्हणून कोणत्याही नदीवर गेलात, तर आधी काठच्या गावाला विचारावे. पाणी केव्हा चढते, भोवरा कुठे आहे, कोणत्या डोहात कोणी उतरत नाही, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असते. त्याचे सांगणे अडाणीपणाचे समजू नये. त्या डोहाला भुताचे नाव असेल, पण त्या नावामागे बहुधा एखादा खरा भोवरा असतो. मासेमारांची जाळी तोडू नयेत. बाया जिथे धुणे धुतात तो घाट अडवू नये. शेतातून वाट काढू नये, बाटल्या-पिशव्या पात्रात टाकू नयेत. नाव भरली म्हणून नावाड्याने आणखी उतारू घ्यायला नकार दिला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये, त्याचे आभार मानावेत.

धरणाच्या पाण्याचा आणखी एक धडा आपल्याला लागू आहे. नांदगाव तालुक्यातल्या गिरणा धरणातून पाणी सुटते तेव्हा भडगाव-पाचोऱ्याकडे लख्ख ऊन असू शकते. तापीवर हतनूर धरणाला 41 दरवाजे आहेत, ते उघडले तर खालच्या गावांत आभाळ कोरडे असतानाही पात्र भरते. म्हणून दवंडी, भोंगा, ग्रामपंचायतीची सूचना किंवा आपल्या रेडिओवरचा इशारा ऐकला, की पात्रातली गुरे, मोटारी आणि माणसे आधी वर काढावीत, मग चौकशी करावी. पाणी एकाएकी गढूळ झाले, काडीकचरा वाहू लागला, वरच्या अंगाने घुमणारा आवाज आला, तर सूचनेची वाटही बघू नये.

कोणी वाहून जाताना दिसला, तर पाठोपाठ उडी टाकण्याची आपली वृत्ती असते. ती मायेची वृत्ती आहे, पण तिने एकाऐवजी दोन घरांत अंधार होतो. शिकलेले बचावपथकसुद्धा क्रम पाळते. आधी काठावरून हाक द्यावी, मग काठी, बांबू, धोतर जे हाताशी असेल ते पुढे करावे. ते पोचत नसेल तर दोरी फेकावी, किंवा मोकळा डबा, फुगवलेली ट्यूब दोरीला बांधून टाकावी. पाण्यात उतरणे सगळ्यांत शेवटी, आणि तेही शिकलेल्याने. दोरी फेकणाऱ्याने ती स्वतःच्या कमरेला किंवा मनगटाला बांधू नये. बसून, पाय रोवून धरावी, म्हणजे प्रसंगी सोडता येते. कोणीतरी एकाने त्याच वेळी 112 क्रमांकावर खबर द्यावी.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती करतो. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा हजेरीपत्रकाशेजारी एक छोटी यादी करून ठेवा: कोणती मुले नाला ओलांडून येतात, त्यांच्या घरचा मोबाइल क्रमांक काय, आणि पाणी आले तर अलीकडच्या गावात ती कोणाच्या घरी थांबतील. पालकांशी हे आधीच ठरवून घ्या. दुपारी आभाळ डोंगराकडे काळे झाले, की शाळा सुटण्याची घंटा देण्यापूर्वी कोणा मोठ्या माणसाला नाल्यापर्यंत पाठवा. पाणी असेल तर मुलांना धरून ठेवा. आई काळजी करील, बाप रागावेल, एखादा म्हणेल की मास्तर भित्रा आहे. म्हणू द्या. लहान मुलांना स्वतःहून "आज नाही" म्हणता येत नाही. ते त्यांच्यासाठी आपण म्हणायचे असते.

आणि आपल्या नाल्यांचा एक गुण विसरू नका. जे पाणी झपाट्याने चढते, ते तितक्याच झपाट्याने उतरते. लहान नाल्याचा पूर बहुधा काही तासांतच ओसरतो. रात्र झाली तर भाकरी देणारे घर अलीकडच्या काठावरही असते. नाला आपल्या वाटेने निघून गेला, की सकाळी तीच मुले कोरड्या दगडांवर पाय देत घरी जातील.